कुत्र्यासोबत कॅम्पर व्हॅनने: वाळवंट आणि किनाऱ्यावरचे तुमचे अनुभव लिहा

भुभूला मागे ठेवून सहलीला निघणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा धागा. वाळवंट आणि समुद्र एकाच फेरीत केलेल्यांनी तर जरूर लिहा. ही जोडी वाटते तितकी अजब नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला बेंग्वेला आणि कॅनरी, अमेरिका खंडांच्या पश्चिमेला कॅलिफोर्निया आणि हंबोल्ट हे थंड प्रवाह वाहतात. त्यांच्यामुळे किनाऱ्यावर धुकं येतं, पाऊस मात्र येत नाही. म्हणून नामिब, पश्चिम सहारा, बाहा कॅलिफोर्निया आणि अटाकामा ही वाळवंटं थेट पाण्याला भिडलेली आहेत. माणूस स्वेटर काढतो आणि पुढे जातो. कुत्र्याला तो काढता येत नाही, सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

"खूप मजा आली"च्या पुढचं लिहा. गाडी कुठे लावली, कुत्रा कुठे झोपला, काय अडलं, ते सगळं. सुरुवात मीच करते.

आमचा लॅब्रेडोर, जाड कोटाचा. नामिबियात स्वाकोपमुंडला तो धुक्यात दिवसभर हुंदडायचा आणि आत वाळवंटाकडे वळलो की तासाभरात जीभ बाहेर. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. त्यामुळे आमचं वेळापत्रक त्यानेच ठरवलं: पहाटे चालणं, सकाळी ड्रायव्हिंग, दुपारी सावलीत मुक्काम. सोसुस्फ्लेईच्या वाळूच्या टेकड्या आम्ही दोघांनी एकत्र पाहिल्याच नाहीत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना बंदी आहे, त्यामुळे एकाने बाहेरच्या कॅम्पवर त्याच्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने जायचं. एटोशा राष्ट्रीय उद्यान तर सोडूनच दिलं.

"खिडकी थोडी उघडी ठेवली की चालतं" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. शिवाय तो दिवस काही कडक उन्हाळ्याचा असावा लागत नाही.

*

ताई, तुमचं पटलं. फक्त व्हॅन आणि कार यांत थोडा फरक आहे. व्हॅनच्या भिंतीत इन्सुलेशन आणि छतावर पंखा असेल तर बराच वेळ मिळतो. मी या विषयातला किडा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

छतावरचा पंखा हवा बाहेर फेकणारा ठेवा आणि आत येणाऱ्या हवेसाठी सावलीच्या बाजूची खालची खिडकी उघडा. उन्हाच्या बाजूची उघडली तर तापलेली हवाच आत ओढली जाते. काचेवरचे चंदेरी पडदे आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावलेले कितीतरी चांगले, कारण आतून लावले तर काच तापते आणि ती उष्णता आतच राहते. बाराव्होल्टचा छतावरचा एसी चाळीस-पन्नास अँपिअर सहज खेचतो, म्हणजे २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी चारेक तासांत आडवी. सोलरच्या भरवशावर कुत्रा आत ठेवून ट्रेकला जाण्याचा बेत कागदावरच बरा.

मोबाईलवर इशारा पाठवणारे तापमापक मिळतात. उपयोगी आहेत, पण त्यांना नेटवर्क लागतं आणि वाळवंटात नेमकं तेच नसतं. इशारा आला नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे, असा अर्थ काढू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. आपण वर बेडवर, कुत्रा खाली फरशीवर. गॅसचा डिटेक्टर खाली, त्याच्या नाकाच्या उंचीवर बसवा. कार्बन मोनॉक्साईडचा वेगळा घ्या आणि तो झोपण्याच्या उंचीवर लावा.

*

बाहा कॅलिफोर्निया, महामार्ग क्रमांक १. कातावीन्याच्या आसपास मोठमोठे गोल खडक आणि उंच कार्दोन निवडुंग, नजर हटत नाही. पण खाली पाहा. चोया नावाच्या निवडुंगाचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात, नुसता स्पर्श झाला तरी चिकटतात आणि काट्यांना उलटी टोकं असतात. आमच्या सोनीच्या पंजाला एक चिकटला, तो तोंडाने ओढायला गेली तर जिभेत. हाताने काढायला जाऊ नका, तुमच्याच हाताला लागेल. जाड दातांचा कंगवा तुकड्याखाली सारून झटक्यात उडवायचा, राहिलेले काटे पकडीने. दोन्ही वस्तू दाराजवळ, हात पोचेल अशा. बस.

*

कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण लोक हे शेवटच्या आठवड्यावर ठेवतात.

आम्ही स्पेनहून फेरीने मोरोक्कोत उतरलो, अटलांटिकच्या कडेने पश्चिम सहारातल्या दाखला या शहरापर्यंत खाली गेलो. जाताना फारसं कुणी विचारलं नाही. अडचण असते ती युरोपात परतताना. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने मान्य केलेल्या देशांच्या यादीत मोरोक्को नाही, त्यामुळे तिथून येणाऱ्या कुत्र्याला मायक्रोचिप आणि रेबीजची लस एवढ्यावर भागत नाही, रक्ताची अँटिबॉडी चाचणीही लागते. निकाल मिलीलीटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) हवा. रक्त लस दिल्यानंतर निदान ३० दिवसांनी घ्यावं लागतं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. कळीचा मुद्दा असा की ही चाचणी युरोप सोडण्यापूर्वी करून कुत्र्याच्या पासपोर्टमध्ये नोंदवली असेल तर परतताना थांबावं लागत नाही. नसेल, तर रक्त घेतल्यापासून तीन महिने बाहेरच. बंदरावर एक जोडपं भेटलं होतं, नेमकं यात अडकलेलं. कुत्रा गोड होता बिचारा, त्याला काय कळणार! लसीचा बूस्टर वेळेत देत राहिलात तर ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही, म्हणून एकदाच करून टाका.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठीही एक टीप: १ ऑगस्ट २०२४पासून तिथे कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप असलेला हवा आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा फॉर्म भरावा लागतो. पिल्लू घेऊन सीमा ओलांडायचा बेत असेल तर तो आधी तपासा.

भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर सँडफ्लाय ही चिमुकली माशी असते. तिच्यामुळे कुत्र्यांना लीशमॅनियासिस हा रोग होतो, तो पुरता बरा होणं कठीण. ती दोन-तीन मिलिमीटरची असते, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आरपार जाते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. आम्ही कुत्र्याला डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा घातला, खिडक्यांना बारीक जाळी लावली आणि सूर्य मावळला की त्याला आत घेतलं. किनाऱ्यावरची संध्याकाळ त्याला सोडावी लागली, तो रुसला, पण चाललं.

*

ऑस्ट्रेलियात नलारबोरचं मैदान ओलांडणाऱ्यांनी माझं जरा नीट वाचा. एअर नावाच्या महामार्गावर सलग १४६.६ किलोमीटर एकही वळण नसलेला पट्टा आहे, तिथे गाडीतला प्रत्येकजण कंटाळतो, कुत्राही. मग थांबलं की त्याला मोकळं सोडावंसं वाटतं. सोडू नका.

कोल्हे आणि रानटी कुत्री मारण्यासाठी तिथे १०८० नावाच्या विषाची, म्हणजे सोडियम फ्लुरोअॅसिटेटची, मांसाची आमिषं टाकतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही स्थानिक झुडपांत हेच विष निसर्गतः असतं, त्यामुळे तिथल्या अनेक मूळ प्राण्यांना ते बरंचसं पचतं. कुत्र्याला मात्र अत्यल्प मात्राही पुरते आणि खात्रीचा उतारा नाही. विष खाऊन मेलेलं जनावर चघळलं तरी धोका. पाट्या लावलेल्या असतात, पण कुत्र्याचं नाक पाटीच्या पुढे पोचलेलं असतं. आम्ही जाळीचा मझल (मुसकं) वापरतो, ज्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारा मझल उन्हात अजिबात नको. लोक आमच्या शेरूकडे तो चावरा असल्यासारखे बघतात. बघू देत.

*

समुद्राबद्दल कुणीच काही लिहिलं नाही अजून! सगळे वाळवंटातच अडकलेत.

किनाऱ्यावर चेंडू खेळणारा कुत्रा प्रत्येक झेलाबरोबर थोडी वाळू आणि थोडं खारं पाणी गिळतो. खाऱ्या पाण्याने जुलाब होतात, फार प्यायला तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. वाळू आतड्यात साचून घट्ट बसली तर दवाखाना. चेंडूऐवजी लांबट, तरंगणारं खेळणं घ्या, ते तोंडात कमी वाळू आणतं. दर थोड्या वेळाने गोडं पाणी पाजा. दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलीलीटर हा साधा अंदाज आहे, ऊन आणि धावपळ असेल तर बरंच जास्त. टाकी भरताना कुत्र्याला माणसासारखाच मोजा.

आणि वाहून आलेलं काहीही चाटू देऊ नका. २००९मध्ये न्यूझीलंडला ऑकलंडच्या किनाऱ्यांवर कुत्री दगावली. कारण निघालं किनाऱ्यावर आलेल्या समुद्री गोगलगाईंमधलं टेट्रोडोटॉक्सिन, फुग्या माशात असतं तेच विष.

*

वाळूत गाडी घालणाऱ्यांसाठी चार ओळी. टायरची हवा कमी केली की पकड वाढते, हे खरं, पण परत भरायला कंप्रेसर सोबत असेल तरच कमी करा. गाडी रुतली की कुत्र्याला आधी बाहेर काढून लांब, सावलीत बांधा, कारण फावडं चालत असताना तो खड्डा खणायला मदत करायला येतोच. आणि भरतीच्या रेषेच्या खाली मुक्काम कधीच नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी नेहमीपेक्षा वर येतं.

*

अमेरिकेत डेथ व्हॅलीत कुत्रा रस्त्यावर आणि कॅम्पग्राऊंडवर चालतो, पायवाटांवर नाही. न्यू मेक्सिकोतल्या व्हाईट सँड्सच्या पांढऱ्या टेकड्यांवर मात्र पट्टा लावून नेता येतो. दोन्ही राष्ट्रीय उद्यानंच. प्रत्येक ठिकाणाचे नियम वेगळे पाहा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

*

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. आमच्याकडे पग आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापांनी थंड होणंच नीट जमत नाही, म्हणून व्हेटने वाळवंटाला स्पष्ट नकार दिला. आम्ही किनाराच केला, तोही गार ऋतूत. पुढच्या खेपेला तो माझ्या बहिणीकडे राहिला आणि आम्ही निवांत वाळवंट पाहिलं. टेकडीवरचा सूर्यास्त त्याला नको असतो, त्याला आपण हवे असतो. ते कुठेही मिळतं. फोटोसाठी कुत्रा नेणाऱ्यांची संख्या वाढतेय, असं मला वाटतं.

*

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन, आणि एक प्रश्न. आमची कुत्री म्हातारी आहे, मागच्या पायांत संधिवात. व्हॅनची पायरी उंच आहे. रॅम्प कुणी वापरलाय का? घडीचा घ्यावा की सरकणारा?

*

घडीचा. सरकणाऱ्याच्या खाचेत वाळू शिरली की तो अडकतो. पृष्ठभाग खरखरीत आणि फिक्या रंगाचा बघा, काळा रबरी असेल तर उन्हात तव्यासारखा तापतो. आधी घरी, सपाट जमिनीवर ठेवून सवय लावा, मग पायरीला टेकवा. आणि हार्नेसला पाठीवर धरायची मूठ असलेला घ्या, उतरताना तिचं थोडं वजन तुम्हाला उचलता येईल.