‘नाजूक’ लिहिलं की झालं?

चिकटपट्टी:
कालची पोस्ट अशी होती: ‘खोक्यावर चारही बाजूंनी लाल अक्षरांत नाजूक लिहिलं होतं, तरी कपबशा फुटल्या, म्हणजे फेकलंच असणार.’ अहो, पण ते वाचणार कोण? वर्गीकरण केंद्रात पट्ट्यावरच्या खोक्याचा बारकोड तेवढा वाचला जातो, तोही यंत्राकडून. पुढे घसरगुंडीवरून खोका खाली येतो आणि मागून पंधरा किलोचा दुसरा त्याच्या अंगावर. यात कुणाचा दुष्टावा नाही. इस्टा ही पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी संस्था. तिच्या 1ए चाचणीत साडेनऊ किलोच्या आतला खोका 76 सेंटीमीटरवरून दहा वेळा पाडतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. तेवढं सोसेल असाच बांधायचा. सहाही बाजूंना पाच सेंटीमीटर मऊ भर. बशा थप्पीने नाहीत, कडेवर उभ्या. कपाच्या पोटातही कागद कोंबायचा. वर्तमानपत्र एकदा दबलं की दबलंच, ते पुन्हा फुगत नाही. शेवटी खोका हलवून बघा. आत खुळखुळलं तर उघडा आणि पुन्हा भरा.

वजनकाटा:
पाच सेंटीमीटर भर. वा! आणि बिल कोण भरणार? कुरियरवाले खोक्याचं घनफळ 5000 ने भागतात आणि ते वजन खऱ्यापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे लावतात. वस्तू समजा 30×20×20 सेंटीमीटर. घनफळ 12,000, भागिले 5000, म्हणजे 2.4 किलो. आता तुमची भर घाला: 40×30×30, 36,000, म्हणजे 7.2. वस्तू तीच, खरं वजन समजा दोन किलो, आकारणी तिप्पट! त्यात पुढच्या अर्ध्या किलोला चढवलं की साडेसात. लोक भर कमी का घालतात, ते कळलं का?

चिकटपट्टी:
कळलं. म्हणजे कप फोडून पैसे वाचवायचे.

हिशेबनीस:
वजनकाटा, 5000 ही काही लूट नाही. विमानाचं पोट वजनाने भरायच्या आधी जागेने भरतं. घनमीटरमागे 200 किलो धरले की 5000 येतात. हवाई मालवाहतुकीत 6000 ने भागतात, तिथे तुमचा हाच खोका बरोबर 6 किलोचा.

वजनकाटा:
लूट नाही? मग फुगवटा कशाला मोजता? झाकण जरा वर आलं, बाजू जरा फुगल्या, तिन्ही मापं दोन-दोन सेंटीमीटरनी वाढली की 42×32×32. घनफळ 43,008, म्हणजे 8.6. वर चढवून 9! भरतानाचा आळस दीड किलोला पडला.

हिशेबनीस:
आळस कुणाचा, हे तुम्हीच लिहिलंत. धन्यवाद.

टपालवेडा:
खाजगी कुरियरच्या नादाला लागताच कशाला? अनेक देशांच्या टपालात लहान पार्सलला काट्यावरचं वजनच धरतात, घनफळ विचारत नाहीत. शिवाय परदेशी टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक जगभर एकाच साच्याचा: दोन अक्षरं, आठ आकडे, एक पडताळणीचा आकडा, शेवटी देशाची दोन अक्षरं. तो पडताळताही येतो. आठ आकड्यांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा, बेरजेला 11 ने भागा, बाकी 11 मधून वजा करा. 12345678 ची बेरीज 204, बाकी 6, म्हणजे नववा आकडा 5. (उत्तर 10 आलं तर 0, 11 आलं तर 5.) ‘क्रमांक सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे करावं.

वजनकाटा:
क्रमांक बरोबर असून पार्सल हरवलं, की गुणाकार कुणाला दाखवायचा?

मूळ पोस्टवाला:
मी कपांबद्दल लिहिलं होतं, आठवतंय का कुणाला? आणि ट्रॅकिंगमध्ये ‘प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही’ असं घंटीही न वाजवता लिहितात. त्याला कुठली चाचणी लावताय?

चिकटपट्टी:
तो मुद्दा शंभर टक्के तुमचा. तिथे मी गप्प. पण फुटीबद्दल सांगतो. भरपाई मागाल तेव्हा पहिला प्रश्न आतल्या भरीबद्दलच येतो. खोका, भर, तुकडे काहीही फेकायचं नाही. उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा. कोपरा चेपलेला दिसला तर सही करतानाच तसं लिहा.

मूळ पोस्टवाला:
सही करताना? माणूस तोवर जिना उतरलेला असतो.

हिशेबनीस:
एक राहिलंच. लेबलवर चकचकीत पट्टी ओढू नका. बारकोडवर उजेड परततो, यंत्र वाचत नाही, खोका पट्ट्यावरून बाजूला काढला जातो आणि ट्रॅकिंग दोन दिवस मुकं होतं. लेबल कडेवर दुमडलं तरी तेच. आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत टाका. बाहेरचं लेबल सुटलं तर तीच वाचवते.

वजनकाटा:
चिठ्ठीचं वजन धरलंय ना?

चिकटपट्टी:
बरं, तुमच्यासाठी तडजोड. भर तेवढीच ठेवा, पण बशा दोन खोक्यांत विभागू नका, एकातच कडेवर दाटून बसवा. मधे जाड पुठ्ठा. भर बाहेरून एकदाच लागते, घनफळ वाचतं.

वजनकाटा:
हे आधी लिहिलं असतंत तर एवढं भांडलो नसतो. भांडलो असतोच म्हणा, पण कमी.