कास पठार: जाण्याआधी काय वाटलं होतं, गेल्यावर काय दिसलं? (मदत हवी आहे)

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन कासला जायचं ठरतंय. आईने मोबाईलवर गुलाबी-जांभळे गालिचे पाहिलेत, त्यामुळे तिच्या डोक्यात क्षितिजापर्यंत नुसती फुलंच आहेत. माझा अंदाज वेगळा आहे. तेरड्याचे ताटवे लांबूनही दिसतात हे खरं, पण सीतेची आसवं, गेंद वगैरे इतकी चिमुकली की खाली वाकल्याशिवाय कळतच नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात, वाकणार कोण! टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. शिवाय धुकं उतरलं की सगळंच पांढरं. 2012 साली जागतिक वारशात नाव आल्यापासून गर्दीही चिक्कार.

जे जाऊन आलेत त्यांना विचारायचंय: फोटो पाहून जे मनात होतं त्यातलं प्रत्यक्षात किती दिसलं? हिरमोड झाला असेल तर फुलांमुळे, पावसामुळे की गर्दीमुळे? आधीच्या आठवड्यात ताटवे कसे आहेत हे कुठून कळतं? वाहनतळापासून वयस्कर माणसांना किती चालावं लागतं? घरातली ज्येष्ठ मंडळी नेली असतील त्यांचे अनुभव आधी सांगा. आणि कृपया, एडिट न केलेले फोटो टाका, आईला दाखवायचेत.