आभासी जगात नदी बांधून घ्यायची आहे. नुसता खेळ होऊ नये म्हणून पाठ कसा आखावा?

फळाखडू
सातवीला 'नदी : उगमापासून मुखापर्यंत' हा घटक लुआंटीत, म्हणजे ठोकळ्यांचं आभासी जग चालवणाऱ्या पूर्वीच्या माइनटेस्ट या सॉफ्टवेअरमध्ये, घ्यायचा आहे. 28 मुलं, 14 संगणक, 40 मिनिटांच्या 4 तासिका. जोडीजोडीनं नदी बांधायची आणि शेवटी चित्रं, आवाज आणि मजकूर मिळून एक बहुमाध्यमी सादरीकरण करायचं, असा बेत आहे. अडचणी दोन. जगात शिरल्याबरोबर मुलं वाट्टेल तिथे खोदायला लागतात, आणि मजकूर पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उतरतो. सगळ्या जोड्या ज्यावरून एकाच जगात शिरतील तो सर्व्हर कसा लावावा आणि गुण नेमके कशाला द्यावेत?

लिनक्सवाट
आधी सर्व्हर. 5.8 आवृत्तीपासून लुआंटीसोबत खेळ येत नाही, 'माइनटेस्ट गेम' वेगळा उतरवून घ्या. एका वेळच्या खेळाडूंची मर्यादा मुळात 15 असते. 14 जोड्या आणि तुम्ही, म्हणजे काठोकाठ. एखाद्या संगणकाचा संपर्क तुटला की त्याची जागा थोडा वेळ अडून राहते आणि जोडी बाहेर ताटकळते. मर्यादा 20 करा.

निर्मिती मोड (हवे तितके ठोकळे मिळतात) चालू, खेळाडूला होणारी इजा बंद. वेळेचा वेग 0 करून सूर्य जागीच थांबवा. मूळ वेगानं 20 मिनिटांत दिवस-रात्र उलटते, म्हणजे एका तासिकेत दोनदा अंधार. 'एरियाज' मॉड (खेळाला जोडायची पुरवणी) टाकून प्रत्येक जोडीच्या नावानं 40 गुणिले 100 ठोकळ्यांचा भूखंड राखून ठेवा. दुसऱ्याच्या भूखंडात कुदळ चालतच नाही, त्यामुळे निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

तासिका संपल्यावर सर्व्हर बंद करा आणि मगच जगाचं फोल्डर कॉपी करा. चालू सर्व्हरवरून घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.

नदीकाठ
वाट्टेल तिथे खोदतात कारण रिकाम्या सपाट मैदानात दुसरं करण्यासारखं काहीच नसतं. डोंगर तुम्ही आधीच उभा करून ठेवा, मुलांनी त्यातून नदी काढायची. पहिली पूर्ण तासिका चौकटीच्या कागदावर जाऊ द्या: 100 ठोकळे लांबी, 30 ठोकळे उंची, आणि ही उंची कुठे किती उतरवायची ते मुलांनीच ठरवायचं. पहिल्या 30 ठोकळ्यांत 20, पुढच्या 30 मध्ये 8, उरलेल्या 40 मध्ये जेमतेम 2, असं काहीतरी निघालं की उतार खऱ्या नदीसारखा वरून तीव्र आणि खाली मंद होतो. कागद तपासल्याशिवाय जगात प्रवेश नाही.

पाणी जपून निवडा. साधं पाणी लांबवर पसरतं आणि दोन स्रोतांच्या मधे नवा स्रोत तयार होतो, त्यामुळे काठ बुडतात. बादलीतलं 'नदीचं पाणी' 2 ठोकळ्यांपलीकडे जात नाही आणि आपोआप वाढतही नाही. एकेक ठोकळा हातानं भरावा लागतो, पण पात्र ताब्यात राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या जगातलं पाणी काठ झिजवत नाही आणि गाळही टाकत नाही. खरा पाठ इथेच सुरू होतो. वळणावर बाहेरच्या बाजूला पात्र 4 ठोकळे खोल आणि आतल्या बाजूला 1, हे मुलांनी हातानं करायचं. मग प्रश्न विचारा: 'हे खेळानं केलं नाही, तुम्ही केलंत. खऱ्या नदीत हे कोण करतं?' बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग जास्त म्हणून झीज, आतल्या काठाशी वेग कमी म्हणून गाळ, हे उत्तर पुस्तकातून उतरवून भागत नाही; आपल्या वळणाकडे बोट दाखवूनच ते लिहावं लागतं.

फळाखडू
हे फारच उपयोगी आहे. एक अडचण: सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर चालतो, पण वायफायवरून एकही संगणक जोडला जात नाही.

लिनक्सवाट
लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या सुरक्षा-सोयीत, यूडीपी पोर्ट 30000 उघडा. यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती; टीसीपी उघडून उपयोग नाही, घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. तरीही नाही जमलं तर राउटरमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल; त्यामुळे एकाच वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. ते बंद करायची परवानगी नसेल तर सगळे संगणक नेटवर्क स्विचला तारेनं जोडा. इंटरनेट लागत नाही.

पानोपानी
सादरीकरणाबद्दल. प्रत्येक माध्यमाला वेगळं काम द्या. चित्रानं जागा दाखवायची: एफ1 दाबून पडद्यावरच्या खुणा लपवायच्या, मग एफ12 नं छायाचित्र. तीनच चित्रं: उगम, वळण, मुख. आवाजानं घडामोडीचा क्रम सांगायचा, 90 सेकंदांत. लिखित मजकुरात फक्त कारणं आणि 'आमची नदी खऱ्या नदीपेक्षा कुठे वेगळी आहे' एवढंच. पडद्यावरचा मजकूर आवाजात तसाच वाचायला बंदी घाला. चित्र, वाचन आणि तेच लेखन एकदम आलं की समजायला अडथळा होतो, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे.

नावं चित्रावरच, त्या त्या जागेशी लिहायची. खाली 1, 2, 3 अशी सूची नको, नजर सारखी वरखाली होते. खेळातल्या फलकांवर मराठी लिहून आधी बघा; जोडाक्षरं सुटी पडत असतील तर नावं चित्र काढल्यानंतर घाला.

गुण 20 धरले तर बांधकामाच्या देखणेपणाला 0. उताराच्या आराखड्याला 5, वळणाच्या कारणमीमांसेला 6, खेळ आणि खरी नदी यांतल्या फरकाला 5, माध्यमांच्या वाटणीला 4. हे पहिल्याच तासिकेत फळ्यावर लिहा. देखणेपणाला गुण ठेवलेत, तर शेवटची तासिका झाडं लावण्यात जाते आणि लिहायला वेळच उरत नाही.

आणि 10 मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हातात, हा नियम घड्याळ लावून पाळा. ज्याच्या हाती माऊस नाही त्यानं कागदावरचा उतार वाचून सांगायचा.