फ्लोरिडा वॉटरऐवजी आपलं गुलाबपाणी चालेल का?

चोपड्याची_निशा
नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपासून ऑनलाइन टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं, शिकतेय (हसू नका), आता घरातच पुढच्या खोलीत वाचन सुरू करायचंय. आमच्या मॅडम म्हणतात दर वाचनाआधी खोलीत फ्लोरिडा वॉटर, म्हणजे ते परदेशी सुगंधी पाणी, शिंपडायचं, त्यानेच हात पुसायचे, मग पत्त्यांना हात लावायचा. एक बाटली मागवली, बाराशे रुपये गेले आणि आली ती निम्मी गळलेली, सगळ्या खोक्याला लवंगेचा वास. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "इतक्या पैशात हळदीकुंकवाचं दोन वर्षांचं अत्तर झालं असतं."

तर आपलं गुलाबपाणी, केवडापाणी, अत्तर त्याच्याजागी चालेल का? आणि दुसरं म्हणजे माझी आजी तिन्हीसांजेला अत्तर लावून पिंपळाखालून जाऊ द्यायची नाही, वासावर बाहेरचं येतं म्हणायची. मग वासाने जागा साफ होते का वासाने नको ते येतं, नक्की काय समजायचं?

भुसावळचा_अत्तरवाला
ताई, मामाच्या दुकानात बारा वर्षं बसतोय, माहितीये तेवढं सांगतो. फ्लोरिडा वॉटर म्हणजे काही मंतरलेलं पाणी नाहीये, साधं कोलोन आहे. न्यूयॉर्कची कंपनी, सुरुवात १८०८ ची सांगतात, स्पिरिटमध्ये संत्र्याच्या जातीची तेलं, लव्हेंडर, लवंग, दालचिनी. बायका रुमालाला लावायच्या, पुरुष दाढीनंतर. मग ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हूडू नावाच्या तोडग्यांच्या परंपरेत गेलं, क्युबात सँतेरिया पंथात गेलं, पेरूमधले वैदू तर तोंडात घेऊन आजाऱ्याच्या अंगावर फुंकरतात. का? तर नाक्यावरच्या दुकानात मिळायचं, परवडायचं आणि वास झणझणीत. तिकडे हैतीत एर्झुली नावाची देवी आहे, नटणारी मुरडणारी, तिला पॅरिसचं पोम्पेया सेंट चढवतात, ते सेंट १९०७ चं आहे, आता बोला, देवी जुनी का बाटली जुनी? म्हणजे ज्या लोकांनी ही पद्धत पाडली त्यांनी आपापल्या बाजारात जे होतं तेच उचललं, मग तुम्ही चोपड्याच्या बाजारातलं उचललं तर बिघडलं काय.

फक्त घेताना बघून घ्या. खरं गुलाबपाणी कनौजकडे तांब्याच्या डेगमध्ये (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी टाकून, तोंड मातीने लिंपून काढतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असलं की ते वास धरतं, ते झालं अत्तर. नुसतं पाणी उतरवलं की गुलाबजल. ते पाण्यासारखंच दिसतं, गुलाबी नसतं. पूजेच्या सामानात वीस रुपयाला मिळतं ते बहुतेक वेळा पाणी आणि सेंट, शिंपडायला ठीक, तोंडाला लावू नका. चंदन महागल्यापासून अत्तरातही बऱ्याच जागी दुसरंच तेल असतं, आमच्याकडेही दोन्ही भावाचं आहे, खोटं कशाला बोलू. केवडा ओडिशातल्या गंजामचा चांगला.

पांझराकाठची_मावशी
निशा बेटा, तुझ्या आजीचं आणि तुझ्या मॅडमचं दोघींचं बरोबर आहे गं. वास म्हणजे आवतण. पंचोपचारात गंध पहिलं, मग फूल, धूप, दिवा, नैवेद्य, म्हणजे देवालाही आधी वासानेच बोलवतो आपण. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावायचं, गुलाबदाणीने शिंपडायचं, ते काय नुसतं छान वाटावं म्हणून? आलेल्या बाईला सांगायचं की तू आमची. आमच्याकडे श्रावणात कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तेव्हा सासूबाई रोट भाजायच्या आधी हिन्याच्या अत्तराचा फाया (कापसाचा बोळा) करून कानबाईच्या नारळाशी ठेवायच्या. तो वास आला की घरात कोणी मोठ्याने भांडायचं नाही, आमचे हे सुद्धा. आणि पिंपळाखाली आवतण द्यायचं नाही कारण तिथे कोण बसलंय ते माहीत नाही, बस. माझी आजी तर केसात मोगरा माळून विहिरीवर जाऊ द्यायची नाही.

केवडापाणी महादेवाला नको घालू एवढं लक्षात ठेव, केतकीने, म्हणजे केवड्यानेच, खोटी साक्ष दिलेली.

माझं विचारशील तर वाळा घे. आपल्या खानदेशात उन्हाळ्याची खरी सुगंधी वस्तू तीच. जुडी माठात टाकायची, रात्रभर मुरलं की तेच पाणी तांब्याच्या लोट्यात घेऊन आंब्याच्या डहाळीने खोलीत शिंपड. बाराशे लागत नाहीत.

जळगाव_पंचेचाळीस_डिग्री
माझा या कशावर विश्वास नाही हे आधीच सांगतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी वहिनीने हेच बाटलीतलं पाणी देव्हाऱ्यात स्प्रे केलं, शेजारी निरांजन पेटलेलं. भपकन् ज्वाळा वर गेली, देव्हाऱ्याचा पडदा गेला, वहिनीची भुवई अर्धी गेली, नशीब तेवढ्यावर निभावलं. स्पिरिट आहे ते, पाणी नाही! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अशी बाटली खिडकीत उन्हात पण ठेवू नका. गुलाबपाण्याला हा धोका नाही, म्हणून माझं मत गुलाबपाण्यालाच.

आणि ताई, पत्ते वाचा, गप्पा मारा, पण कुणाला "तुमच्यावर करणी झालीय" म्हणून घाबरवून पैसे घेऊ नका, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून काय हाल करतात ते वाचलं असेल. त्याची सुरुवात कुणीतरी भगताने नाव घेण्यापासूनच होते.

चोपड्याची_निशा
सगळ्यांचे आभार. जळगावचे दादा, करणीचं मी कधीच बोलत नाही आणि आता पत्त्यांजवळ दिवाही लावणार नाही, पडदे नवे आहेत. उरलेली अर्धी बाटली रुमालाला लावते, तशीच तर वापरायची होती म्हणे. मावशी, वाळा आणला, दोन जुड्या. पहिले दोन दिवस काय वास होता! सासूबाई स्वतःहून खोलीत येऊन बसल्या आणि एक पत्ता काढ म्हणाल्या. पण चौथ्या दिवशी पाणी बुळबुळीत झालं, असं का?

पांझराकाठची_मावशी
अगं, जुडी एक दिवसाआड काढून उन्हात खडखडीत वाळवायची आणि माठही घासायचा. ओली ठेवली की कुजते. चार-पाच वेळा वाळवली की वास उतरतो, मग नवी घे. आणि सासूबाईंना कुठला पत्ता आला ते सांगितलंच नाहीस.