मदत हवी आहे: लॉनमध्ये लव्हाळा माजलाय, तणनाशक मारायचं नाहीये

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमच्या सासरच्या बंगल्यासमोर ६०० चौरस फुटांचं लॉन आहे. आहे म्हणजे होतं. सासरे होते तोवर त्यावर चप्पल घालून पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे पुण्याला आल्या आणि घर दोन वर्षं बंद राहिलं. गेल्या दिवाळीनंतर आम्ही सगळेच इथे राहायला आलो, तर कोपऱ्यात शेजारच्या बांधकामाची खडी, मधे गाजर गवत आणि उरलेल्या जागेत लव्हाळाच लव्हाळा.

गाजर गवत फुलायच्या आत हातमोजे घालून उपटलं, तो विषय संपला. लव्हाळ्याने मात्र दमवलंय. आज उपटावा तर चार दिवसांत हिरवी सुई परत वर. शेवटी खुरपं घेऊन वीतभर खणलं, तर एका काडीखाली दोऱ्यात ओवल्यासारख्या पाच काळ्या गाठी! एक नखाने फोडली आणि उटण्याचा वास आला. उटण्यातला नागरमोथा तो हाच, हे मला चाळिशीत कळलं.

नर्सरीवाले म्हणतात, तणनाशक मारा, सगळं जाळा आणि वर कार्पेट लॉनच्या गाद्या अंथरा. मुलं तिथेच लोळतात, त्यामुळे फवारणी नको. शिवाय त्या गाद्यांना पाणी कुठून आणू? उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तरी एवढ्या जागेला रोज २८० लिटर होतात. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो.

आता माझा मूर्खपणा सांगते. पाणी वाया जाऊ नये म्हणून वॉशिंग मशीनचा पाइप मी सरळ लॉनवर सोडला होता. तीन महिन्यांत तिथे पांढरी पापडी धरली आणि माती अशी कडक झाली की बादली ओतली तर पाणी अर्धा तास तसंच उभं. कपड्यांच्या पावडरीतल्या सोडियमने चिकण माती आवळून बसते म्हणे. माती तपासून आणली, तिथला सामू (pH) ८.७, म्हणजे अल्कधर्मी निघाला. तेव्हापासून फक्त डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी बादलीने घालते.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. नळाजवळ हरळी आपोआप पसरलीय, तिथून त्या संकष्टीला २१ दुर्वांची जुडी खुडतात. "कोणी पाणी घालतं का हिला? हिलाच वाढू दे की." माझे वडील शेतकरी. त्यांना फोनवर सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. आयुष्यभर रानातली हरळी काढण्यात गेलं आणि मुलगी अंगणात लावायला निघाली!

पण मला सासूबाईंचं पटलंय. पाऊस सुरू झाला की हरळीचे कांडे चार-चार बोटांवर टोचायचे असा विचार आहे. तोवर महिनाभर हाती आहे. जाणकारांनी यावर सांगावं:

लव्हाळ्याच्या गाठी सगळ्या खणून काढायच्या, की वर आला की लगेच कापत राहिलं तर गाठी दमतात? पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापवा असं एकाने सुचवलंय, पण गाठी खोल असतात आणि नंतर त्या प्लॅस्टिकचं काय करायचं? पापडी धरलेल्या भागात सोडियम हटवायला जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) घालू का? घातलं तर किती, आणि शेणखताच्या आधी की नंतर? आंब्याखाली ऊनच येत नाही, तिथे हरळी धरणार नाही, मग सावलीत काय लावता तुम्ही?

सासऱ्यांचं ढकलायचं कटाई यंत्र माळ्यावर सापडलंय, पाती गंजलीत. साताऱ्यात धार लावून देणारं कोणी माहीत असेल तर तेही सांगा. फोटो प्रतिसादात टाकते.