१९७१ ची होंडा सीबी १७५, टर्बो आणि बॉनव्हिलचे मीठ: सुरुवात कोठून करावी?

मीठवाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा सातारचा असून सध्या अमेरिकेत, युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांच्या कोठारात धूळ खात पडलेली १९७१ सालची होंडा सीबी १७५ मी विकत घेतली. गाडी रस्त्यावर आणण्याइतपत काम झाले आहे, पण ती रस्त्यावर चालवण्याची इच्छा आता उरलेली नाही. बॉनव्हिलचे मिठाचे मैदान माझ्या घरापासून दोन तासांच्या आत आहे, आणि तिथला ऑगस्टमधला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या विक्रमांचा आठवडा, पाहून आल्यापासून हीच गाडी टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंप) लावून १७५ सीसीच्या वर्गात उतरवावी, असे मनाने घेतले आहे.

इंजिन दोन सिलिंडरचे, १७४ सीसीचे आहे; बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४१ मिमी, आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे मिनिटाला १०,००० फेऱ्यांना सुमारे २० अश्वशक्ती. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वरखाली होतात, त्यामुळे दर फेरीला एक स्फोट मिळतो आणि टर्बोकडे जाणारा धूर एका सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सारख्या अंतराने पोहोचतो. माझे उद्दिष्ट ताशी १२० मैलांचे, म्हणजे सुमारे १९३ किमीचे आहे.

कागदावर मांडलेली योजना अशी: जपानमधल्या ६६० सीसीच्या छोट्या मोटारींना असतो तसा आयएचआय आरएचबी३१ जातीचा लहान टर्बो, त्याच्या तोंडाशी एकच कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण टर्बोमधूनच आत जाईल, आणि टर्बोच्या बेअरिंगसाठी इंजिनाच्या तेलाच्या मार्गाला एक टी (फाटा काढणारा जोड) जोडून घ्यायचा. ही योजना कोठे चुकते आहे, आणि पहिला हात कशाला घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेठेतला मिस्त्री

साहेब, योजना वाचली. मी कोल्हापुरात लेथवर काम करतो, आणि काही वर्षांपूर्वी साडेतीनशे सीसीच्या जुन्या बुलेटला टर्बो बसवण्याचा खटाटोप केला आहे, त्यामुळे आपल्या दोन गोष्टींवर मला अधिकाराने बोलता येईल.

पहिली गोष्ट तेलाची, आणि माझ्या मते सगळे काम तिच्यावरच अडलेले आहे. आपल्या होंडाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा मुख्य दांडा, बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. अशा बेअरिंगला तेलाचा दाब लागत नाही. तेल नुसते पोहोचले, अंगावर उडाले, तरी त्यांचे भागते. म्हणूनच कंपनीने आत साधा प्लंजरचा पंप दिला आहे आणि गाळणीच्या जागी तेल गरगर फिरवून गाळ बाजूला टाकणारी वाटी दिली आहे. टर्बोचे मात्र उलट असते. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर टिकवायला दाबाखालचे, सतत येणारे आणि स्वच्छ गाळलेले तेल लागते. आपण टी जोडलात तर टर्बोला पुरेसे तेल मिळणार नाहीच, पण वर हेडमध्ये रॉकर आणि कॅमकडे जाणारे तेलही तुटेल. त्यातून टर्बोत तापलेले तेल पुन्हा त्याच दीड लिटरच्या सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) येऊन पडेल. टर्बोसाठी निराळी टाकी, निराळा विजेचा पंप आणि निराळी गाळणी ठेवावी. इंजिनाचे तेल इंजिनाला, टर्बोचे टर्बोला.

परतीची नळी येण्याच्या नळीपेक्षा चांगली रुंद असावी आणि तिला कोठेही चढ नसावा, कारण टर्बोतून उतरणारे तेल फेसाळलेले असते आणि ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. बुलेटवर मी ही नळी फ्रेमच्या पाइपाला वळसा घालून नेली होती आणि मध्ये बोटभर चढ राहिला होता. तेवढ्या चढापायी तेल टर्बोतच तुंबले आणि सीलमधून झिरपून सायलेन्सरमध्ये उतरले. सगळी गल्ली निळ्या धुराने भरली, आणि मी दोन दिवस पिस्टनच्या रिंगांना दोष देत बसलो.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. तो टर्बोच्या आधी बसवला की थ्रॉटल मिटल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या घरात निर्वात तयार होतो आणि तो बेअरिंगकडचे तेल ओढून घेतो. हे थांबवायला कॉम्प्रेसरच्या बाजूला कार्बनचे सील असलेला टर्बो लागतो, आणि मोटारीतून काढलेल्या टर्बोंमध्ये ते बहुधा नसते. शिवाय पेट्रोलमिश्रित हवेने भरलेला सगळा मार्ग आपल्या मांडीखाली राहतो, आणि एखादा उलटा भडका उडाला तर तो त्या सगळ्या मार्गात पेटतो. कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर, म्हणजे टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये ठेवावा, त्याच्या फ्लोटच्या वाटीला बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या, दाबाची नळी जोडावी, पेट्रोलच्या पंपाचा दाब बूस्टपेक्षा नेहमी वर राहील असा रेग्युलेटर लावावा, आणि पोकळ प्लॅस्टिकचा फ्लोट असेल तर तो दाबाने चेपतो म्हणून पितळेचा घ्यावा.

औष्णिका

मी पुण्यात इंजिनांच्या चाचणी विभागात काम करते. मिस्त्रीकाकांच्या तेलाबद्दलच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. मला आकड्यांबद्दल लिहायचे आहे, कारण १२० मैलांचे उद्दिष्ट आणि सोबत मांडलेली साधने यांचा मेळ मला बसताना दिसत नाही.

बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टच्या दुपारी ३५ अंश तापमान धरले, तर तिथे एक घनमीटर हवेचे वजन एक किलोच्या किंचित खालीच भरते. आपले इंजिन १०,००० फेऱ्यांना मिनिटाला ०.८७ घनमीटर जागा मोकळी करते; ती नव्वद टक्के भरली असे मानले, तर टर्बोविना सुमारे पाऊण किलो हवा आत जाते, म्हणजे घरच्या २० अश्वशक्तीतल्या तीन-साडेतीन त्या उंचीवरच गळून पडतात. टर्बोने बाहेरच्या दाबाच्या १.७ पट दाब दिला आणि हवा नीट थंड केली, तर मिनिटाला सुमारे सव्वा किलो हवा मिळेल आणि त्यातून अंदाजे २६ अश्वशक्ती निघेल. आपल्या मनात चाळीस असतील, असा माझा तर्क आहे.

आता हवेच्या रोधाकडे पाहू. उघड्या गाडीवर स्वार टाकीवर पालथा झोपला, तरी ताशी १२० मैलांना मिठावरचे घर्षण धरून चाकापाशी चाळीसच्या आसपास अश्वशक्ती लागेल. तीच गाडी नीट बसणाऱ्या अर्ध्या फेअरिंगमध्ये (वारा कापणाऱ्या कवचात) झाकली, तर ११० मैलांसाठी चाकापाशी तेवीस-चोवीस पुरतात, आणि एवढे १.७ पट दाबात मिळू शकते. रोधाशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे शेवटचे दहा मैल सर्वांत महाग पडतात. १९५६ मध्ये याच बॉनव्हिलवर एनएसयू कंपनीने एच. पी. म्यूलर यांना सिगारच्या आकाराच्या कवचात, पाय पुढे करून जवळजवळ आडवे झोपवून १२५ सीसीच्या इंजिनावर ताशी २४० किमीच्या पलीकडे नेले होते. आपल्यापेक्षाही लहान इंजिनाला हे साधले ते कवचामुळे, म्हणून पहिल्या वर्षी ११० मैल गाठावेत आणि उरलेला पैसा व श्रम फेअरिंगवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.

दोन हिशेब आणखी मांडते. १.७ पट दाबताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर, हवा सुमारे ८४ अंशांनी तापते, म्हणजे ३५ ची ११९ होते. एवढी गरम हवा आत घेतल्यास मिश्रण अवेळी पेटून खडखड सुरू होऊन पिस्टनला भोक पडायला वेळ लागणार नाही. मात्र आपली धाव दोन-चार मिनिटांचीच असते, त्यामुळे मोठा रेडिएटर बाळगण्याऐवजी बर्फाच्या पाण्याची लहान टाकी आणि त्यात बुडवलेला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे यंत्र) पुरेल. बूस्टचा गेज तिथल्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, हेही ध्यानात असू द्यावे, तिथे १.७ पट म्हणजे गेजवर जेमतेम ९ पीएसआय.

दुसरा हिशेब कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा. मूळ ९:१ वरून ८:१ वर येण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमागे दीड सीसीहून किंचित अधिक जागा लागते, आणि ५२ मिमीच्या बोअरला ती सिलिंडरखालच्या ०.७३ मिमी जाडीच्या प्लेटने मिळते. सिलिंडर तेवढा वर गेला की कॅमची साखळी ताणली जाऊन टायमिंग थोडे मागे सरकेल, ते पुन्हा लावून घ्यावे. इग्निशनसाठी प्लॅटिनम पॉइंट आणि वजनांचा जुना अॅडव्हान्स (फेऱ्यांप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) ठेवू नये, कारण त्याला बूस्ट कळत नाही. दर पीएसआय बूस्टला ठिणगीची वेळ सुमारे एक अंश मागे घेणारे, संगणकाने चालणारे इग्निशन लावावे. आणि ते लावणारच असाल, तर त्याच पेटीवर पेट्रोलचे इंजेक्शनही चालवावे, असे माझे मत आहे. कार्ब्युरेटरच्या बाबतीत मिस्त्रीकाकांचे आणि माझे इथे जमणार नाही.

पेठेतला मिस्त्री

मॅडम, आपले हिशेब बिनचूक आहेत, आणि इग्निशनबद्दल माझी काहीच हरकत नाही. इंजेक्शन उत्तम, हेही मान्य आहे. पण मिठावर, घरापासून लांब, एखादा सेन्सर बसला तर माणूस हात बांधून उभा राहतो; कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) बदलायला मात्र स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटे पुरतात. साहेबांना ज्यात हात बसलेला आहे ते त्यांनी घ्यावे.

खारा वारा

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि एका मित्राच्या गाडीबरोबर मदतनीस म्हणून तीन वेळा स्पीड वीकला गेलो आहे. इंजिनावर बोलण्याइतके मला कळत नाही, पण मिठावर काय होते ते पाहिले आहे.

तिथला विक्रम एका धावेने होत नाही. पहिल्या धावेत जुना आकडा ओलांडला की गाडी बंदिस्त आवारात न्यावी लागते, तिथे कामासाठी चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावून दोन्ही वेगांची सरासरी काढतात. म्हणून पहिल्या धावेत सर्वस्व ओतणारे इंजिन तिथे उपयोगाचे नसते.

ओलसर मिठावर चाकाची पकड रस्त्यापेक्षा पुष्कळ कमी असते आणि मागचे चाक सरळ जातानाही घसरत राहते. टर्बोचा जोर एकदम अंगावर आला, तर गाडीचा शेपटा डोलू लागतो. बूस्ट ७,००० फेऱ्यांपासून हळूहळू चढत जावा, कारण गियर बदलल्यावरही इंजिन त्याच्या खाली उतरता कामा नये. स्टिअरिंगचा डॅम्पर, स्वार पडताच इंजिन बंद करणारी मनगटाला बांधायची दोरी, व्हॉल्व्हची धातूची टोपणे आणि तेलाच्या बोल्टांना तारेची बांधणी ही तपासणीत पाहिली जाते. या वर्षीचे नियमपुस्तक आजच मागवावे आणि फ्रेमला वेल्डिंग करण्यापूर्वी वाचावे.

तेलाविषयी एकच भर घालतो. धाव संपते तिथून आपली माणसे गाडी घेऊन येईपर्यंत वेळ जातो. इंजिन बंद, वारा नाही, भोवती पांढरे ऊन, आणि लालबुंद टर्बोच्या अंगात अडकलेले तेल तिथेच जळून कोळसा होते. मित्राच्या गाडीला विजेचा पंप होता, पण तो इंजिनाच्या स्विचवरच जोडलेला होता. तिसऱ्या धावेनंतर त्याने टर्बोचे चाक बोटाने फिरवून पाहिले, तर ते वाळू भरल्यासारखे खरखरले. पंपाला स्वतंत्र स्विच द्यावा आणि धाव संपल्यावरही तो चालू राहील इतकी मोठी बॅटरी ठेवावी. वजनाची चिंता नको. धावायला लांबलचक मैदान असते आणि मागच्या चाकावर वजन पडले तर पकडच वाढते.

मैदानावर पाणी साचले किंवा मिठाचा थर खराब झाला की सगळा बेत कोलमडतो. २०१४, २०१५ आणि २०२२ या तिन्ही वर्षी स्पीड वीक रद्द झाला. गाडीची पहिली परीक्षा कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर घेता आली तर पाहावी. तिथली वाट १.३ मैलांचीच आहे, पण खाली मीठ नाही, आणि बिघाड झाला तर तो वर्षातल्या एकुलत्या एका आठवड्यात होणार नाही.

मीठवाट

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. टी जोडण्याचा बेत सोडला आहे. या शनिवारी टर्बो बाकावर पकडून दोन लिटरच्या निराळ्या टाकीतून, विजेच्या पंपाने तेल फिरवून पाहिले. परतीची नळी आधी आखली होती तशी धरली, तेव्हा काचेच्या बरणीत तेल थांबत थांबत, फेसाच्या गोळ्यांनी उतरत होते. टर्बो चार बोटे वर उचलून नळी सरळ खाली सोडल्यावर मधाच्या धारेसारखी अखंड धार लागली. त्यामुळे आता टर्बो सिलिंडरच्या पुढे, खाली न बसवता इंजिनाच्या मागे, सीटखाली उंच बसवणार आहे. धुराचा पाइप लांबेल आणि थोडी उष्णता वाटेत जाईल, पण ते मला चालेल.

उद्दिष्ट ११० मैलांवर आणले आहे. इंजेक्शन की कार्ब्युरेटर हे अजून ठरत नाही. ऑफिसात दिवसभर संगणकच हाताळतो, त्यामुळे मन इंजेक्शनकडे झुकते आहे. मिस्त्रीसाहेब, क्रँकबद्दल आपण काही लिहिले नाही. तो दाबून जुळवलेला आहे. तसाच चालेल का?

पेठेतला मिस्त्री

चालेल की नाही, हे डायल (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावल्याशिवाय सांगू नये. क्रँक दोन्ही टोकांना व्ही-ब्लॉकवर ठेवून हळूहळू फिरवा आणि काटा किती हलतो ते लिहून ठेवा. काटा जागेवर राहत असेल, तर पिनांना टोकाशी बारीक वेल्डिंगचे टाके घालून घ्या, कारण बूस्टच्या धक्क्याने दाबून बसवलेली पिन आपल्या जागी फिरते आणि क्रँक पिळला जातो. टाके घातल्यावर पुन्हा डायल लावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेही तो हलतो.

सिलिंडरखालची प्लेट मी इथे कापून देईन. नमुन्यासाठी जुने बेस गॅस्केट पाकिटात घालून पाठवा, आणि नवे गॅस्केट मायक्रोमीटरने मोजून त्याची जाडी कळवा. प्लेटच्या वर एक आणि खाली एक अशी दोन गॅस्केटे येतील. त्यामुळे मॅडमनी काढलेल्या ०.७३ मधून एका गॅस्केटची जाडी वजा करूनच पत्रा निवडावा लागेल.