मदत हवी आहे: पोह्यांची वाफ फोटोत येतच नाही

मालवा_ताई: मंडळी लवकर सांगा, शुक्रवारी वर्गात लावायचंय. मुलांना म्हटलं होतं धड्यातलं जे घरी-बाजारात दिसेल त्याचा फोटो काढा आणि खाली स्वतःचा एक प्रश्न लिहा, तर निम्म्यांनी पोह्यांचा ठेला आणलाय, खाली उकळतं पाणी, वर पोह्यांचा ढीग, सगळं आहे पण वाफ नाही! समोर उभं राहिलं की चांगली दिसते. नेटवरचे फोटो लावणार नाही.

सराफा_रात्री: कितवीची मुलं? फोन कुठला? कधी काढले? काहीच लिहिलं नाहीत ताई.

लेन्सवाला: मोबाइलचा नाद सोडा, जुना डीएसएलआर घ्या, स्वस्तात मिळतो.

मालवा_ताई: सातवी. फोन आईबाबांचे, साधे. सकाळी, ऊन पाठीवर घेऊन. कॅमेरा घ्यायचा प्रश्नच नाही, मुलांनी रोजचंच नीट बघावं एवढंच हवंय.

निवृत्त_भौतिकी: ऊन पाठीवर, तिथंच अडलंय. खरी वाफ दिसतच नाही, पांढरं दिसतं ते वाफ गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर पडलेला उजेड बहुतेक पुढेच जातो, म्हणून ऊन थेंबांच्या मागून, जरा बाजूने यायला हवं, आणि मागे काहीतरी काळं.

लेन्सवाला: काका, उजेड समोरून आला की फोनमध्ये सगळं काळं येतं. म्हणून तर म्हणतोय कॅमेरा घ्या.

सराफा_रात्री: नाही येत, स्क्रीनवर वाफेवर बोट दाबून ठेवा, बहुतेक फोनात फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो.

छत्रीबाग_वाले: वाफेपेक्षा सावली घ्या ना. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे जून आणि जुलै दोन्हीच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली एकदा गायब होते.

सराफा_रात्री: जूनमध्ये सुट्ट्या, जुलैत ढग. आणि शुक्रवार परवा आहे.

बडोदेकर: त्या पोह्यांवर जीरावन घालतात ते घरी कसं करायचं?

मालवा_ताई: जीरावनचा वेगळा धागा काढा प्लीज. काका, आज चहाच्या किटलीवर केलं, मागे काळा पुठ्ठा, खिडकी तिरकी मागून, बोट दाबून लॉक. मस्त आलं! फोटोत तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी आहे, पांढरं त्याच्यापुढे सुरू होतं. एका मुलीनं खाली लिहिलंय, "मधे काहीच नाही का?"

निवृत्त_भौतिकी: मधेच तर खरी वाफ आहे. पण उत्तर लावू नका, प्रश्नच राहू द्या. आणि हात लांब ठेवायला सांगा, तिथेच सगळ्यात जास्त भाजतं.

मालवा_ताई: सांगितलंय. राजवाड्याजवळ उद्या संध्याकाळपर्यंत मोठे रंगीत प्रिंट कोण देईल?

लेन्सवाला: प्रिंट कशाला, प्रोजेक्टर लावा.